माल्प्लाके, १७०९ : तहात हरल्यानंतर लढलेली लढाई

११ सप्टेंबर १७०९. मार्लबरोचा ड्यूक जॉन चर्चिल तेव्हा ५९ वर्षांचा होता. पहाटेपासून घोड्यावर असलेल्या या माणसाने लढाई संपल्यावर पत्नी सारा हिच्या नावाच्या पत्रात काही ओळी लिहिल्या. आज फार रक्त सांडले, हे त्याने आधी सांगून टाकले. पुढे दोन भाकिते केली. एक, आता आपल्याला हवा तसा तह मिळवणे आपल्याच हाती आहे. दोन, यापुढे आपल्याला पुन्हा कधी लढाईत उभे राहावे लागणार नाही, अशी जवळजवळ खात्री वाटते.

दुसरे भाकीत खरे ठरले. माल्प्लाके हीच मार्लबरोची शेवटची मोठी मैदानी लढाई. पहिले भाकीत मात्र इतके चुकले, की ते का चुकले हे समजून घेतल्याशिवाय ही लढाई समजली असे म्हणता येत नाही. तह व्हायला आणखी साडेतीन वर्षे लागली आणि ज्या एका गोष्टीसाठी मार्लबरोच्या बाजूने हजारो माणसे त्या दिवशी रानात कापली गेली, ती गोष्ट त्या तहात नव्हती.

माल्प्लाकेविषयी लिहिताना एक शब्दप्रयोग हमखास येतो : ‘पिऱ्हसचा विजय’. इ.स.पू. २७९ मध्ये एपायरसचा राजा पिऱ्हस याने आस्क्युलम येथे रोमनांना हरवले, पण स्वतःची इतकी माणसे गमावली की असा आणखी एक विजय मिळाला तर आपण संपलोच, असे तो म्हणाल्याची कथा आहे. माल्प्लाकेला जिंकणाऱ्यांची हानी हरणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट झाली, तेव्हा हे लेबल सहज चिकटते. सहज चिकटते म्हणूनच त्याकडे संशयाने पाहायला हवे. या लेबलामुळे सगळा हिशेब एका दिवसाच्या सहा-सात तासांत कोंबला जातो. कोणी कुठे चुकीचा हल्ला केला, कोणी किती पलटणी उशिरा पाठवल्या, एवढ्यावर चर्चा संपते. चूक झाली खरी, पण ती सप्टेंबरमध्ये रानात झालेली नव्हती. ती मे महिन्यात हेग शहरातल्या वाटाघाटींत झाली होती.

मराठीत ‘युद्धात कमावले आणि तहात गमावले’ असे म्हणण्याची पद्धत आहे. माल्प्लाकेच्या बाबतीत हा क्रम उलटा लागतो. येथे तह आधी हातचा गेला आणि लढाई नंतर झाली.

पार्श्वभूमी थोडक्यात. १ नोव्हेंबर १७०० रोजी स्पेनचा राजा दुसरा कार्लोस निपुत्रिक वारला. त्याच्या मुकुटाखाली स्पेन तर होताच. शिवाय नेपल्स, सिसिली, मिलान, आजच्या बेल्जियमचा बराचसा भाग, अमेरिकेतील अफाट वसाहती आणि फिलिपिन्सही होते. मृत्युपत्रात त्याने हे सर्व फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू फिलिप याला दिले. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबुर्ग घराण्याने आपला आर्चड्यूक चार्ल्स हा दावेदार पुढे केला. इंग्लंड, डच प्रजासत्ताक आणि ऑस्ट्रिया १७०१ मध्ये एकत्र आले. हेच स्पॅनिश वारसायुद्ध. मार्लबरो आणि सॅव्हॉयचा राजपुत्र यूजीन या जोडीने १७०४ मध्ये ब्लेनहाइमला फ्रेंचांना धूळ चारली. १७०६ मध्ये मार्लबरोने रामिली जिंकले आणि यूजीनने तुरिन सोडवले. १७०८ मध्ये ऊडेनार्डला दोघे पुन्हा एकत्र जिंकले आणि वर्ष संपता संपता लील हे फ्रान्सचे बळकट शहरही पडले. (यूजीन पॅरिसमध्येच जन्मला आणि वाढला होता. तरुणपणी त्याने लुईकडे लष्करात जागा मागितली होती, ती नाकारली गेली. चौदाव्या लुईला इतका महागात पडलेला नकार दुसरा शोधावा लागेल.)

आणि मग १७०९ चा हिवाळा आला.

५ आणि ६ जानेवारीच्या मधल्या रात्री युरोपभर पारा कोसळला. सीन नदी गोठली. व्हर्सायच्या राजवाड्यात शेकोटी पेटलेली असताना बाटल्यांतील मद्य गोठल्याच्या नोंदी आहेत. दक्षिण फ्रान्समधली ऑलिव्हची झाडे आणि ठिकठिकाणचे अक्रोड उभ्या जागी मेले. सर्वांत मोठा घात मात्र थंडीच्या पहिल्या लाटेने केला नाही. मध्ये काही दिवस बर्फ वितळले, जमिनीत पाणी मुरले आणि लगेच पुन्हा कडाक्याची थंडी पडली. शरदात पेरलेला गहू जमिनीतच गोठून मेला. उन्हाळ्यात कापायला काही उरणार नाही हे वसंतातच स्पष्ट झाले आणि धान्याचे भाव आभाळाला भिडले. १७०९ आणि १७१० या दोन वर्षांत थंडी, उपासमार आणि पाठोपाठ आलेली रोगराई यांनी नेहमीच्या मृत्यूंहून सुमारे सहा लाख अधिक माणसे नेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. फ्रान्सची लोकसंख्या तेव्हा दोन कोटींच्या आसपास होती. राजाने आपली सोन्या-चांदीची भांडी टांकसाळीत वितळवायला पाठवली. ती काही युद्धाला पुरणारी नव्हती; पण लुई किती टेकीला आला होता, हे त्यावरून कळते.

अशा अवस्थेत लुईने तह मागितला. तोही कसा? मे महिन्यात फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री मार्की द तोर्सी स्वतः, नाव लपवून, शत्रूच्या राजधानीत डच राज्यकारभाराचा प्रमुख हाइन्सियस याच्या दारात जाऊन उभा राहिला. युरोपातील सर्वांत गर्विष्ठ दरबाराचा मंत्री असा चोरपावलांनी येतो, यातच सगळे आले. तोर्सीजवळ मार्लबरोसाठी लाचेची परवानगीही होती, रक्कम चाळीस लाख लीव्हरपर्यंत. तोर्सीच्या आठवणींनुसार हा विषय निघताच मार्लबरोचा चेहरा लाल झाला आणि त्याने बोलणे दुसरीकडे वळवले.

दोस्तपक्षाने ४० कलमांचा मसुदा पुढे ठेवला. तारीख २८ मे १७०९. फ्रान्सने काय काय द्यायचे याची ती यादी होती : स्पेनचे संपूर्ण साम्राज्य चार्ल्सला, डचांच्या संरक्षणासाठी सरहद्दीवरच्या किल्ल्यांची माळ, स्ट्रासबुर्ग, डंकर्कच्या तटबंदीचा नाश आणि बरेच काही. लुई यातले जवळजवळ सर्व द्यायला तयार होता. अडले ते चौथ्या आणि सदतिसाव्या कलमांवर.

ही दोन कलमे एकत्र वाचली तरच त्यांतला डाव दिसतो. चौथे कलम सांगते की फिलिपने दोन महिन्यांत स्पेन सोडला नाही, तर लुईने दोस्तांच्या बरोबरीने योग्य ती पावले उचलायची. म्हणजे आपल्याच नातवाला सिंहासनावरून ओढून काढायला मदत करायची. सदतिसावे कलम सांगते की शस्त्रसंधी दोन महिन्यांचीच. ठरल्याप्रमाणे स्पेनचे साम्राज्य चार्ल्सच्या हाती आले, तरच ती पुढे टिकेल. दरम्यान फ्रान्सने किल्ले रिकामे करून द्यायचे होते. म्हणजे फिलिप हटला नाही, तर किल्ले गेलेले असतील, तटबंद्या पाडलेल्या असतील आणि शत्रू पुन्हा दारात उभा असेल. ज्या गोष्टीवर लुईचा ताबा नव्हता, तिची शिक्षा लुईला.

ताबा नव्हता हा मुद्दा महत्त्वाचा आहे. फिलिप आता आजोबांच्या हातातले बाहुले राहिला नव्हता. १७०७ मध्ये आल्मान्साच्या लढाईत त्याच्या बाजूने मोठा विजय मिळवला होता, आणि तो मिळवून देणारा सेनापती बेरिक हा मार्लबरोचा सख्खा भाचा होता! कास्तीलची प्रजा फिलिपच्या पाठीशी होती. १७०७ मध्ये त्याला मुलगा झाला होता आणि १७०९ च्या वसंतात त्या मुलाला वारस म्हणून मान्यताही मिळाली होती. जिवंतपणी स्पेन सोडणार नाही, असे फिलिप कळवत होता. त्याला पत्राने हटवता येणार नव्हते. त्याला हटवायचे म्हणजे फ्रेंच सैनिकांनी पिरेनीज ओलांडून स्पेनवर चालून जायचे.

दोस्तांची बाजूही पाहायला हवी. त्यांचा लुईवर विश्वास नव्हता आणि तो नसण्यास भरपूर कारण होते. स्पेनच्या वाटणीचे करार त्याने केले आणि मृत्युपत्र हाती येताच गुंडाळून ठेवले. १७०१ मध्ये डच शिबंदी असलेले सरहद्दीवरचे किल्ले त्याने रातोरात आपल्या सैन्याकडून ताब्यात घेतले. अशा माणसाने ‘नातवाला मी समजावतो’ म्हटले तर त्यावर कोण विसंबणार? शिवाय ‘स्पेनविना तह नाही’ असा ठराव ब्रिटिश संसदेने १७०७ च्या डिसेंबरातच करून ठेवला होता. त्यातून मागे येणे लंडनमधल्या व्हिग मंत्र्यांना राजकीयदृष्ट्या अवघड होते. पण हमी मागणे निराळे आणि नाक घासायला लावणे निराळे. हातातोंडाशी आलेला घास होता. दोस्तांना हवे होते त्यातले बहुतेक ताटात पडले होते. उरलेल्या एका घासासाठी त्यांनी ताटच उलथले.

आणि हे मार्लबरोला कळत होते. जुलैमध्ये त्याने हाइन्सियसला लिहिले, की फ्रान्सच्या राजाच्या जागी आपण असतो तर नातवाविरुद्ध सैन्य पाठवण्यापेक्षा आपला देश पणाला लावणे पत्करले असते. ज्या मागणीच्या मागे उभे राहून तो लढणार होता, ती मागणी कोणताही राजा मान्य करणार नाही, असे त्या सेनापतीचेच मत होते. तरीही त्याने ती मोडून काढण्यासाठी आपले सारे वजन खर्च केले नाही. मार्लबरोच्या चरित्रकारांनी त्याला पुष्कळ माफ केले आहे. हे मात्र माफ करणे कठीण आहे.

लुईने मसुदा फेटाळला आणि एक असे काम केले, जे त्याने ६६ वर्षांच्या कारकिर्दीत तोवर केले नव्हते. १२ जून १७०९ रोजी त्याने प्रांतांच्या सुभेदारांना आणि बिशपांना पत्र पाठवून प्रजेला कारण सांगितले. तहासाठी आपण काय काय द्यायला तयार होतो, शत्रूने काय मागितले आणि आपण नाही का म्हटले, हे त्या पत्रात होते. ते गावोगावी वाचून दाखवले गेले. निरंकुश राजा प्रजेपुढे आपल्या निर्णयाचे स्पष्टीकरण देतो, ही त्या काळातली अघटित गोष्ट होती.

येथे फ्रेंच राष्ट्रवादी इतिहासकार भारावून जातात. प्रजा पेटून उठली, तरुण धावत सैन्यात आले, असे चित्र रंगवतात. पत्राचा परिणाम झाला हे खरे. पण सैन्यात भरती वाढली यामागे दुसरेही एक साधे कारण होते : गावात भाकरी नव्हती आणि छावणीत निदान मिळण्याची आशा होती. ती आशाही अनेकदा फोल ठरे. फ्लँडर्समधल्या सैन्याचा सेनापती मार्शल व्हिलार याची त्या उन्हाळ्यातली पत्रे धान्याच्या मागण्यांनी भरलेली आहेत. सैनिक भाकरीसाठी अंगावरचे कपडे आणि हातातल्या बंदुका विकत होते. ज्या राजाने पन्नास वर्षे युरोपभर युद्धे पेटवली, त्याच राजाच्या अपमानाचा सूड घ्यायला त्याचीच उपाशी प्रजा उभी राहिली. यात शौर्य आहेच, पण ते शौर्य लुईच्या खात्यात जमा करण्याचे कारण नाही.

व्हिलार हा बढाईखोर, पैशाचा लोभी आणि तरीही सैनिकांचा आवडता माणूस होता. त्याच्या मदतीला मार्शल बूफ्लेर आला. वय ६५, लीलचा किल्ला महिनोन्महिने झुंजवल्याबद्दल सन्मानित आणि हुद्द्याने व्हिलारपेक्षा ज्येष्ठ. तरी त्याने व्हिलारच्या हाताखाली लढण्याची तयारी आपणहून दाखवली. मानपानावरून मोहिमा बुडण्याच्या त्या काळात हे विरळाच.

दोस्तांनी आधी तूर्नेला वेढा दिला. शहर जुलैअखेर पडले. बालेकिल्ला ३ सप्टेंबरपर्यंत झुंजला. तिथली लढाई जमिनीखाली झाली. सुरुंगाच्या बोगद्यांत अंधारात माणसे एकमेकांना भिडत होती, स्फोटांनी गाडली जात होती. तिथून दोस्तांनी मोन्सकडे मोर्चा वळवला. मोन्स वाचवण्यासाठी लढाई देण्याची परवानगी लुईने व्हिलारला दिली आणि फ्रेंच सैन्य मोन्सच्या दक्षिणेला, माल्प्लाके या खेड्याजवळ, दोन रानांमधल्या अरुंद मोकळ्या पट्टीत येऊन उभे राहिले. फ्रेंचांच्या डाव्या हाताला सार्सचे रान होते, उजव्या हाताला लानिएरचे.

९ आणि १० सप्टेंबर हे दोन दिवस दोस्त थांबले. तूर्नेकडची कुमक यायची होती. या दोन दिवसांत फ्रेंचांनी काय केले, हे दुसऱ्या दिवशी रानात शिरलेल्यांना कळले. झाडे पाडून, फांद्यांची टोके शत्रूकडे वळवून काटेरी अडसर रचले गेले. मधल्या मोकळ्या जागेत मातीचे टोकदार मोर्चे उभे राहिले. उजव्या बाजूला सुमारे वीस तोफांचा मोर्चा अशा जागी लपवला गेला, की समोरून चालून येणाऱ्या फळीच्या कुशीत त्याचा मारा बसावा.

११ तारखेला सकाळी धुके होते. (ब्रिटिश कागदपत्रांत ही तारीख ३१ ऑगस्ट सापडते, त्यांचे पंचांग तेव्हा ११ दिवस मागे होते.) दोस्तांकडे सुमारे ८६,००० माणसे आणि १०० तोफा, फ्रेंचांकडे सुमारे ७५,००० माणसे आणि तोफा त्याहून कमी. धुके विरल्यावर तोफा सुरू झाल्या आणि नऊच्या सुमारास शुलेनबुर्गच्या पलटणी सार्सच्या रानात शिरल्या. तिथे रांग, फळी, कवायत यांना काही अर्थ उरला नाही. दहा पावलांवरून बार झडत होते. एकाच रानात एकाच देशाची माणसे दोन्ही बाजूंनी होती. ब्रिटिश सैन्यातील रॉयल आयरिश पलटण झाडीतल्या एका मोकळ्या जागेत आली, तेव्हा समोर उभी असलेली पलटणही आयरिशच निघाली. ती फ्रान्सच्या चाकरीत होती. रॉबर्ट पार्कर या अधिकाऱ्याच्या आठवणींत हा प्रसंग नोंदलेला आहे. स्विस पलटणीही दोन्ही बाजूंनी लढत होत्या. वारसा स्पेनचा, रान फ्लँडर्सच्या सीमेवरचे आणि मरणारे आयरिश, स्विस, जर्मन, डॅनिश, स्कॉट. त्या काळच्या ‘राष्ट्रीय’ विजयांचा आतला कपडा हा असा आहे.

दुसऱ्या टोकाला, लानिएरच्या रानाजवळ, २२ वर्षांचा ऑरेंजचा राजपुत्र यान विलेम फ्रिसो डच फौजेचे नेतृत्व करत होता. त्याच्या ३० पलटणी पुढे सरकल्या आणि त्या लपवलेल्या तोफा धडधडल्या. डचांचे नावाजलेले निळे रक्षकदल, स्कॉट आणि स्विस पलटणी ओळीच्या ओळी कोसळत गेल्या. राजपुत्राच्या अंगाखाली घोडे मारले गेले, तो पायी पुढे गेला. मोर्चे हाती लागले, पुन्हा निसटले; पुन्हा हल्ला झाला. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात सुमारे पाच हजार माणसे पडली.

हा हल्ला केवळ शत्रूला गुंतवून ठेवण्यासाठी होता की मोर्चे घेण्यासाठी, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. जुन्या इंग्रज लेखकांनी सोपा निवाडा दिला : पोरगा उतावळा होता, हुकमापलीकडे गेला. हा निवाडा फार सोयीचा आहे. त्याने मार्लबरोच्या योजनेवरचा डाग पुसला जातो आणि ज्यांनी सर्वाधिक रक्त दिले त्यांच्यावरच दोष येतो. डचांच्या हल्ल्याने फ्रेंच उजवी बगल दिवसभर जागची हलू शकली नाही, एवढे मात्र कोणालाही नाकारता येत नाही.

आणि योजना चालली. ब्लेनहाइमला जे झाले तेच येथे झाले : बाजूंवर इतका दाब आणायचा की शत्रूने मधली माणसे तिकडे हलवावीत, आणि मग मध्य फोडायचा. व्हिलारला हा डाव तोंडपाठ होता, तरी सार्सचे रान हातचे जाऊ लागले तेव्हा त्याला मधल्या पलटणी तिकडे न्याव्याच लागल्या. त्या प्रतिहल्ल्याची तयारी करतानाच, दुपारच्या सुमारास, त्याच्या गुडघ्यात गोळी लागली आणि बेशुद्ध अवस्थेत त्याला रणातून हलवावे लागले. यूजीनच्या कानामागेही गोळी चाटून गेली होती. तो मागे हटला नाही. ऑर्कनीच्या ब्रिटिश पायदळाने मधले रिकामे मोर्चे घेतले. त्यांच्यामधून दोस्तांचे घोडदळ पलीकडे गेले.

येथे ब्लेनहाइम संपले होते. माल्प्लाके संपले नाही. बूफ्लेर स्वतः राजाच्या खाशा घोडदळाच्या अग्रभागी राहून पुन्हा पुन्हा चालून गेला. दोस्तांचे घोडदळ मागे रेटले जाई, ऑर्कनीच्या पायदळाच्या गोळीबाराच्या आडोशाला सावरे आणि परत पुढे येई. शेवटी तीनच्या सुमारास बूफ्लेरने माघारीचा हुकूम दिला. पळापळ झाली नाही. फ्रेंच सैन्य शिस्तीत, निशाणे सांभाळून निघून गेले आणि त्याचा पाठलाग करण्याचे त्राण जिंकणाऱ्यांत उरले नव्हते.

दोस्तांची हानी सुमारे २१,००० ते २४,०००. फ्रेंचांची ११,००० ते १४,०००. त्या शतकातील युरोपच्या सर्वांत रक्तरंजित दिवसांपैकी हा एक. दोस्तांच्या हानीत डच सुमारे आठ हजार होते. ब्रिटिश दोन हजारांच्या आतबाहेर. शाळकरी इंग्रज इतिहासात मात्र ब्लेनहाइम, रामिली, ऊडेनार्ड, माल्प्लाके ही मार्लबरोची चार विजयांची माळ म्हणून म्हटली जाते. चौथ्या मण्याची किंमत कोणी भरली, हे त्या माळेत दिसत नाही.

व्हिलारने राजाला कळवले, की देवाच्या कृपेने अशी आणखी एक लढाई आपण हरलो, तर शत्रू संपलाच म्हणून समजावे. पिऱ्हसची कथा त्याला ठाऊक असणार. त्याने ती हरणाऱ्याच्या तोंडी घातली. बढाई होती, पण पोकळ नव्हती.

आता आक्षेप. मोन्स वाचवणे हा फ्रेंचांचा हेतू होता. मोन्स २० ऑक्टोबरला पडले. मग फ्रेंच हरलेच ना? हरले. शिवाय माल्प्लाकेने फ्रान्स लगेच सावरला, हेही खोटे आहे. १७१० मध्ये गेर्ट्रुइडेनबर्गच्या वाटाघाटींत लुईचे वकील पुन्हा विनवण्या करत होते. नातवाला हटवण्यासाठी सैन्य देणार नाही, पण दोस्तांना त्या खर्चासाठी दरमहा दहा लाख लीव्हरपर्यंत रक्कम देतो, इथवर लुई उतरला. रणात फ्रेंच सैनिक सावरला होता, खजिना नव्हता. आणि दोस्तांनी काय केले? मागणी सैल करण्याऐवजी आणखी आवळली : फिलिपला हटवण्याचे काम आता लुईने एकट्याने करायचे. माल्प्लाकेच्या रानातून दोस्तांचे राजकारणी काहीच शिकले नाहीत, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

मतदार मात्र शिकले. हानीचे आकडे लंडनला पोचले, कर वाढत होते आणि ‘हे युद्ध नेमके कोणासाठी?’ हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. १७०९ मध्येच मार्लबरोने आजन्म सरसेनापतिपद मागितले. राणी अ‍ॅनने नाकारले आणि विरोधकांना आयते शस्त्र मिळाले. १७१० च्या निवडणुकीत युद्धाला कंटाळलेले टोरी मोठ्या बहुमताने आले. त्याच डिसेंबरात स्पेनमध्ये ब्रिउएगा आणि व्हियाव्हिसिओसा येथे फिलिपच्या बाजूने निर्णायक यश मिळवले. एप्रिल १७११ मध्ये सम्राट जोसेफ देवीच्या रोगाने वारला आणि दावेदार चार्ल्स हाच सम्राट होणार हे ठरले. फ्रान्स आणि स्पेन एका घराण्यात नको म्हणून लढणाऱ्यांवर आता ऑस्ट्रिया आणि स्पेन एका माणसाच्या हाती देण्यासाठी लढण्याची पाळी आली. १७११ च्या शेवटी मार्लबरोला पदावरून दूर करण्यात आले. जुलै १७१२ मध्ये देनँ येथे व्हिलारने यूजीनच्या आघाडीला खिंडार पाडले. एप्रिल १७१३ मध्ये उत्रेख्तला तह झाला आणि फिलिप स्पेनचा राजा राहिला. फ्रान्सच्या सिंहासनावरचा हक्क त्याने सोडायचा, एवढीच अट. ब्रिटनला जिब्राल्टर, मिनोर्का आणि स्पॅनिश अमेरिकेत गुलाम पुरवण्याचा मक्ता मिळाला. डचांना १७०९ च्या मसुद्यातल्यापेक्षा कमी किल्ले आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर.

राजपुत्र फ्रिसोने हा तह पाहिला नाही. माल्प्लाकेच्या तोफांतून वाचलेला हा तरुण जुलै १७११ मध्ये मुर्डाइकजवळ खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाला. तो हेगला निघाला होता, प्रशियाच्या राजाशी चाललेला वारसाहक्काचा वाद मिटवायला.

मार्लबरो त्याच्यानंतर अकरा वर्षे जगला आणि १७२२ मध्ये अंथरुणात मेला. माल्प्लाकेनंतर तो मेल्याची खोटी बातमी पसरली आणि फ्रेंचांनी त्यावर गाणे रचले, अशी परंपरा आहे. त्या गाण्याची चाल पुढे ‘फॉर ही इज अ जॉली गुड फेलो’ला लागली. वाढदिवसाला ती आजही सर्रास ऐकू येते.

ऑस्ट्रिया उत्रेख्तनंतरही वर्षभर लढत राहिला. अखेर १७१४ च्या मार्चमध्ये राश्टाटच्या राजवाड्यात त्याच्या तहावर सह्या झाल्या. सम्राटातर्फे यूजीन आला होता आणि फ्रान्सतर्फे व्हिलार, माल्प्लाकेला अधू झालेला गुडघा घेऊन. स्पेनमधून फिलिपला हटवण्याचे कलम त्या कागदात कुठेही नव्हते.